पेढीपासून शेअर बाजारापर्यंत : कंपनीने करावयाची तयारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात वांद्रे येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





चिटणीस साहेबांनी मला "व्यापार आणि आपली मुले" या विषयावर बोलण्यास सांगितले होते. हा विषय फार मोठा आहे. तासाभरात त्याला न्याय देणे शक्य नाही, म्हणून त्याचा एकच भाग मी आज घेतो. तो असा की, एखादी घरगुती पेढी वाढत वाढत शेअर बाजारात यावयाची झाल्यास तिला कोणकोणती तयारी करावी लागते. मी हिशेब तपासणीच्या व्यवसायातला माणूस आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात अलंकार कमी आणि आकडे जास्त येतील, ते आपण गोड मानून घ्यावेत.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण सर्वांनी उद्या उठून शेअर बाजारात उतरावे, असे सांगण्यासाठी मी येथे आलेलो नाही. शंभरातील बहुतेक धंद्यांना बाजारात जाण्याची गरजच नसते. परंतु बाजारात जाणाऱ्या कंपनीला जी शिस्त अंगी बाणवावी लागते, ती शिस्त प्रत्येक धंद्याला आणि प्रत्येक कुटुंबाला उपयोगी पडणारी आहे. आज मी मुख्यतः त्या शिस्तीविषयी बोलणार आहे.

आपल्या शेजारचे बाजार

वांद्रे स्टेशनच्या पूर्वेस, बेहरामपाडा आणि खेरवाडी यांच्यापासून हाकेच्या अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. मिठी नदीच्या काठची ती खाजणाची जमीन. तेथे आज राष्ट्रीय शेअर बाजाराची इमारत आहे आणि देशातील सर्व शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाचे, म्हणजे आपण ज्याला 'सेबी' म्हणतो त्याचे मुख्य कार्यालयही आहे. दलाल स्ट्रीटचा जुना बाजार १८७५ सालचा. राष्ट्रीय बाजाराची स्थापना १९९२ मध्ये झाली व तेथे शेअर्सचे व्यवहार १९९४ मध्ये सुरू झाले. सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली व १९९२ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले.

आपल्या मुलांपैकी कितीतरी जण रोज त्या काचेच्या इमारतींवरून शाळा-कॉलेजात जातात. त्या इमारतींत काय चालते हे त्यांना ठाऊक नसते, आणि पालकांनाही त्याविषयी दोनच गोष्टी माहीत असतात : एक, तेथे जुगार चालतो, दोन, तेथे आपले काही काम नाही. या दोन्ही समजुती तपासून पाहिल्या पाहिजेत.

अमळनेरचे उदाहरण

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर हे गाव आपल्याला साने गुरुजींमुळे ठाऊक आहे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. त्याच गावात महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तूप व खाद्यतेल यांचा कारखाना काढला. २९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' या नावाने कंपनीची नोंद झाली आणि १९४६ मध्ये तिचे भाग लोकांना विक्रीस ठेवण्यात आले. म्हणजे आधी पन्नास वर्षे धंदा करून मग लोकांकडे जाणे असा तो क्रम नव्हता. कारखाना उभा राहतानाच त्यात जनतेचा हिस्सा होता. कंपनीचे भाग अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी घेतले व पुढल्या पिढ्यांपर्यंत सांभाळून ठेवले.

१९६६ साली हाशम प्रेमजी अचानक वारले. त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी त्या वेळी २१ वर्षांचे होते. अमेरिकेत चालू असलेले शिक्षण सोडून ते परत आले. भागधारकांच्या सभेत एका भागधारकाने उभे राहून, हा धंदा तुमच्याने चालायचा नाही, तो विकून टाका, असे त्यांना सुनावल्याची हकीकत पुढे अनेकदा सांगितली गेली. आपल्या घरगुती पेढीत बाहेरचा माणूस मालकाच्या मुलाला असे बोलू शकला असता काय? मुळीच नाही. परंतु त्या कंपनीत तो माणूस बाहेरचा नव्हता. त्याच्याजवळ भाग होते, म्हणून त्याला बोलण्याचा हक्क होता. आणि उत्तर द्यावयाचे तर ते ताळेबंदातूनच देता येत होते. १९७७ मध्ये कंपनीचे नाव 'विप्रो प्रॉडक्ट्स' झाले, १९८२ मध्ये 'विप्रो लिमिटेड' झाले आणि २००० साली तिची नोंदणी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात झाली. तेल आणि साबण यांच्यापासून निघालेली कंपनी संगणकाच्या क्षेत्रात गेली.

शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अझीम प्रेमजी यांनी आपल्या मालकीच्या विप्रोच्या भागांपैकी फार मोठा वाटा शिक्षणाचे काम करणाऱ्या आपल्या संस्थेच्या कार्यासाठी दिला. २०१९ पर्यंत अशा रीतीने दिलेला आर्थिक हिस्सा कंपनीच्या सुमारे ६७ टक्के भागांइतका झाला होता. मालकी भागांच्या रूपात मोजलेली होती, म्हणूनच ती इतक्या स्वच्छपणे देता आली.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये सहा लाख रुपयांच्या अधिकृत भांडवलाची सार्वजनिक कंपनी काढली. तिचे लांबलचक नाव पुढे 'सिप्ला' असे आटोपशीर झाले. स्वतः शोधलेल्या औषधांची सूत्रे त्यांनी मानधन न घेता कंपनीला दिली. १९३७ मध्ये कंपनीची औषधे बाजारात आली. माझे ते माझे आणि कंपनीचे ते कंपनीचे, ही रेषा त्यांनी आरंभीच आखून घेतली होती. आजच्या विषयातील पहिला धडा हाच आहे.

घर वेगळे, धंदा वेगळा

समजा, आपल्यातील एका गृहस्थाचा चामड्याच्या बॅगा व पट्टे तयार करण्याचा कारखाना आहे. धारावीत एक गाळा, वांद्रे पूर्वेस दुकान, भिवंडीला गोदाम. माल परदेशीही जातो. धंदा चोख, बाजारात पत उत्तम. ते म्हणतात, "मला भांडवल हवे, मी शेअर बाजारात जाईन." माझ्यासारखा माणूस त्यांच्याकडे गेला तर तो प्रथम नफा विचारीत नाही. तो विचारतो, गाळा कोणाच्या नावावर आहे? उत्तर येते, मरहूम वडिलांच्या. गोदाम? थोरल्या भावाच्या. मालावर जो छाप आहे त्याची नोंदणी? ती केलेलीच नाही, किंवा धाकट्या भावाने स्वतःच्या नावावर केलेली आहे. घराचे लाइट बिल, मुलीच्या लग्नाचा खर्च, गावच्या घराचे छप्पर, हे सारे दुकानाच्या वहीत आहे. आणि मेहुण्यांना उसने दिलेले चार लाख कोठेच नाहीत.

यात लबाडी असतेच असे नाही. एकत्र कुटुंबाचा व्यवहार असाच चालत आलेला आहे. परंतु ज्याला आपण या धंद्याचा भाग विकणार, तो परका माणूस आहे. तो नेमके काय विकत घेत आहे, हे त्याला कळले पाहिजे. म्हणून तयारीची पहिली दोन-तीन वर्षे बाजारात जात नाहीत, ती घरातच जातात. मालमत्तांची कागदपत्रे कंपनीच्या नावे करणे किंवा रीतसर भाडेकरार करणे, बोधचिन्हाची नोंदणी करणे, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी व विमा नियमित भरणे, कर व परवाने यांची बाकी फेडणे, नातलगांशी असलेले सर्व व्यवहार लिहून काढणे, ही कामे कंटाळवाणी खरी, पण त्यांच्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. नातलगांशी व्यवहार करू नये असे कायदा म्हणत नाही. तो उघड करावा व बाजारभावाने करावा, एवढेच त्याचे म्हणणे आहे. देवघेव लेखी असावी आणि तिला साक्षी असाव्यात, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

वारसांचा प्रश्न

या ठिकाणी मी थोडे स्पष्ट बोलणार आहे. आपल्या समाजातील कितीतरी चालते धंदे बाजारातल्या स्पर्धेने बुडाले नाहीत. वडील गेल्यावर वाटणीच्या भांडणाने ते बंद पडले. कारखान्याचे तुकडे करता येत नाहीत. यंत्र एका भावाने न्यावे आणि गाळा दुसऱ्याने घ्यावा, म्हणजे दोघांचाही धंदा संपतो. आणि या भांडणात बहिणीचा हिस्सा तर पुष्कळदा विचारातही घेतला जात नाही. तिच्या लग्नात खर्च केला, तेव्हा तिचे काय राहिले, असे बिनदिक्कत म्हटले जाते. शरीअतने तिचा हिस्सा ठरवून दिलेला आहे आणि लग्नाच्या खर्चाने तो फिटत नाही, हे सर्वांना ठाऊक असूनही असे घडते.

आता हाच धंदा कंपनी झाला आणि त्याचे एक कोटी भाग मालकाच्या नावे आहेत, असे समजा. मालक वारले. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत, देणे काही राहिलेले नाही आणि मृत्युपत्रही नाही. सुन्नी कायद्याप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा लाख भाग. उरलेल्या साडेसत्याऐंशी लाखांचे पाच वाटे : प्रत्येक मुलाचे दोन, मुलीचा एक. म्हणजे प्रत्येक मुलाला पस्तीस लाख भाग आणि मुलीला साडेसतरा लाख. कारखान्याची एक वीटही हलली नाही, यंत्र एक दिवसही थांबले नाही, आणि प्रत्येकाचा हक्क त्याच्या किंवा तिच्या नावाने नोंदला गेला. मुलगी सासरी गेली म्हणून तिचे भाग नाहीसे होत नाहीत. लाभांश जाहीर झाला की तो तिच्या खात्यात जमा होतो. ज्यांना बाजारात जावयाचे नाही, त्यांनीसुद्धा एवढ्या एका कारणासाठी आपली पेढी कंपनीच्या रूपात आणावी, असे माझे मत आहे.

बाजारात जाणाऱ्या कंपनीला तर यावाचून गत्यंतरच नाही. भागांच्या मालकीविषयी वाद असेल तर माहितीपत्रकात तो लिहावा लागतो, आणि न मिटलेला वाद पाहून गुंतवणूकदार माघारी जातात. म्हणून आज ज्यांचा हक्क आहे, त्यांचा तो आजच मान्य करा. नंतर तो वकिलांच्या मार्फत मान्य करावा लागतो.

खासगी कंपनी ते सार्वजनिक कंपनी

खासगी कंपनीत जास्तीत जास्त २०० सभासद असू शकतात आणि भाग कोणाला विकता येतील यावर निर्बंध असतात. बाजारात यावयाचे तर तिचे सार्वजनिक कंपनीत रूपांतर करावे लागते. त्यासाठी किमान सात सभासद व तीन संचालक हवेत. भाग कागदी न ठेवता डीमॅट खात्यात ठेवावे लागतात. मागील तीन वर्षांचे हिशेब पात्र हिशेब तपासनिसाकडून एकाच पद्धतीने मांडून घ्यावे लागतात. वर्षा-वर्षाला सोयीप्रमाणे पद्धत बदललेली येथे चालत नाही.

त्यानंतर संचालक मंडळ. भावा-भावांनी संध्याकाळी चहा घेता घेता ठरवावे, असे हे मंडळ नव्हे. मुख्य बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात, आणि अध्यक्ष प्रवर्तक किंवा कार्यकारी असल्यास किमान निम्मे. मंडळावर किमान एक महिला संचालक असावी लागते. हिशेब समितीत दोन तृतीयांश सभासद स्वतंत्र असावेत आणि सर्वांना ताळेबंद वाचता यावा, असा नियम आहे. कंपनी सचिव व मुख्य वित्त अधिकारी नेमावे लागतात. आपल्या मालकमंडळींना सर्वांत जड जाते ते हेच. स्वतःच्या कारखान्यात, पगार घेणारा सचिव म्हणतो, "साहेब, हे करता येणार नाही," आणि ते ऐकून घ्यावे लागते. ज्याची ऐकून घेण्याची तयारी नाही, त्याने बाजाराच्या पायऱ्या चढू नयेत.

मोठा बाजार आणि छोटा बाजार

मुख्य बाजारात यावयाचे तर मागील तीन वर्षांत दरवर्षी किमान तीन कोटी रुपयांची निव्वळ मूर्त मालमत्ता, सरासरी किमान पंधरा कोटी रुपयांचा कार्यकारी नफा आणि दरवर्षी किमान एक कोटी रुपयांचे नक्त मूल्य दाखवावे लागते. हे नसेल तर दुसरा मार्ग आहे, पण त्यात पाऊण हिस्सा मोठ्या संस्थांनीच घेतला पाहिजे अशी अट आहे.

लहान व मध्यम उद्योगांसाठी २०१२ पासून दोन्ही शेअर बाजारांनी स्वतंत्र मंच चालू केले आहेत. भागविक्रीनंतरचे भरणा भांडवल पंचवीस कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपन्यांना तेथे येता येते. २०२५ मध्ये सेबीने तेथील नियम कडक केले. मागील तीन वर्षांपैकी दोन वर्षांत किमान एक कोटी रुपयांचा कार्यकारी नफा असावा, आणि अर्जदाराची किमान रक्कम दोन लाख रुपयांहून अधिक असावी, असे ठरले. लहान बचत करणाऱ्याने या मंचाकडे जपून पाहावे, हाच त्याचा अर्थ आहे. तेथे भागांची खरेदी-विक्री कमी असते. घेतलेले भाग हवे तेव्हा विकले जातीलच असे नाही.

आता आपल्या बॅगवाल्या गृहस्थांचा हिशेब करून पाहू. दहा रुपयांचा एक, असे एक कोटी भाग सर्व घरातच आहेत. वर्षाचा नफा चार कोटी. म्हणजे दर भागामागे नफा चार रुपये. पंधरा पट भावाने त्यांनी साठ रुपये किंमत ठरवली व चाळीस लाख नवे भाग विकले. कंपनीला चोवीस कोटी रुपये मिळाले. भाग एकूण एक कोटी चाळीस लाख झाले. घरचा हिस्सा शंभर टक्क्यांवरून सुमारे एकाहत्तर टक्क्यांवर आला, बाकीचा लोकांचा झाला. भरणा भांडवल चौदा कोटी, म्हणजे छोट्या मंचाच्या मर्यादेत.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, येथे पेन्सिल खाली ठेवू नका. तोच चार कोटींचा नफा आता एक कोटी चाळीस लाख भागांत वाटला गेला तर दर भागी दोन रुपये शहाऐंशी पैसेच येतात. म्हणजे घेणाऱ्याने पंधरा पट नव्हे तर एकवीस पट किंमत दिली. नव्या चोवीस कोटींतून नफा वाढला तरच ती किंमत योग्य ठरेल. म्हणून पैसा कशासाठी पाहिजे, हे मालकाने आधी स्वतःला विचारावे. यंत्र घ्यावयाचे असेल तर दरपत्रक हवे, गाळा घ्यावयाचा असेल तर ठिकाण व किंमत हवी. "धंदा वाढवण्यासाठी" एवढे उत्तर पुरत नाही.

माहितीपत्रक

या साऱ्या तयारीचा सारांश म्हणजे माहितीपत्रक. सेबीकडे नोंदलेला मर्चंट बँकर कंपनीची खोलवर तपासणी करतो व मसुदा तयार करतो. मुख्य बाजाराचा मसुदा सेबी तपासते, छोट्या मंचाचा शेअर बाजार तपासतो. मसुदा सर्वांना वाचण्यास खुला असतो व लोकांकडून हरकती मागविल्या जातात. त्यात जोखमीचे प्रकरण पहिल्या भागातच असते. आमचा निम्मा माल दोनच गिऱ्हाइकांकडे जातो, आमच्यावर अमुक खटला चालू आहे, आमचा गाळा भाड्याचा आहे, अशा गोष्टी कंपनीला स्वतःच लिहाव्या लागतात. मुलीचे स्थळ पाहावयास आलेल्या मंडळींना मुलाकडच्यांनी आपण होऊन मुलाचे सर्व दोष सांगावेत, तसा हा प्रकार आहे. लग्नाच्या बाजारात हे फारसे कोणी करीत नाही. शेअर बाजारात ते न केल्यास शिक्षा आहे.

एक गैरसमज येथेच दूर करतो. सेबीने मसुदा पाहिला म्हणजे किंमत योग्य असल्याची हमी दिली, असे नाही. १९९२ पूर्वी दिल्लीतील भांडवल नियंत्रकाच्या परवानगीने भागांची किंमत ठरत असे. ते कार्यालय १९९२ मध्ये बंद झाले. आता किंमत कंपनी व मर्चंट बँकर ठरवतात, सेबी फक्त माहिती पुरी आहे की नाही हे पाहते. विचार करण्याचे काम घेणाऱ्याचे आहे.

आणि घेणाऱ्याने सर्वांत आधी हे पाहावे की, आपला पैसा कोठे जाणार. नवे भाग विकले तर पैसा कंपनीत येतो. जुन्या मालकाने स्वतःचे भाग विकले तर पैसा त्याच्या खिशात जातो, कंपनीला छदामही मिळत नाही. दोन्ही कायदेशीर आहेत, पण दोन्ही एक नव्हेत. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाचे भाग बाजारात आले, ती पूर्णपणे सरकारच्या हिश्शाची विक्री होती. किंमत ९४९ रुपये ठरली होती आणि पहिल्याच दिवशी भाव त्याहून खाली उघडला. घरोघरी ज्याचे नाव आहे, त्या संस्थेच्या बाबतीतही असे घडू शकते.

नोंदणीनंतर

डिसेंबर २०२३ पासून विक्री बंद झाल्यावर कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी भागांची नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. अर्जाचा पैसा आपल्या बँक खात्यातच अडकून राहतो व भाग मिळाले तरच वजा होतो. त्या दिवशी घंटा वाजते, हार-तुरे होतात, छायाचित्रे निघतात. पण खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. मुख्य बाजारातील कंपनीला दर तिमाहीचा निकाल पंचेचाळीस दिवसांत आणि वर्षाचा निकाल साठ दिवसांत जाहीर करावा लागतो. तिमाही संपल्यापासून निकालानंतर अठ्ठेचाळीस तास होईपर्यंत आतल्या माणसांना आपल्या कंपनीच्या भागांचे व्यवहार करता येत नाहीत. प्रवर्तकांच्या किमान वीस टक्के हिश्शाला ठराविक मुदतीपर्यंत कुलूप असते. नफा कमी झाला तर तोही जाहीर करावा लागतो. "यंदा जरा मंदी होती" असे म्हणून वेळ मारून नेता येत नाही.

व्याज, हिस्सा आणि फसवणूक

काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनातील प्रश्न मला ठाऊक आहे. शेअर घेणे जायज आहे काय? याचे उत्तर देण्याचा अधिकार उलेमांचा आहे, हिशेबनिसाचा नव्हे. मी इतकेच सांगेन की, भाग म्हणजे व्याजाने दिलेले कर्ज नव्हे. तो नफ्या-तोट्यातील हिस्सा आहे. धंदा कोणता आणि कंपनीवर व्याजी कर्ज किती, हे पाहून कंपन्या निवडण्याची पद्धत रूढ झाली आहे. २०१० मध्ये मुंबईच्या शेअर बाजारानेही अशा निकषांवर निवडलेल्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला होता. रोज सकाळी घेऊन दुपारी विकण्याच्या सट्ट्याविषयी मात्र माझे मत आपल्या मौलवी साहेबांपेक्षा वेगळे असण्याचे कारण नाही.

परंतु शेअर बाजाराला जुगार म्हणून दूर राहिलेली आपली माणसे, धर्माचे नाव घेऊन आलेल्या योजनांत जन्माची पुंजी घालून बसतात, हे मला जास्त दुःखदायक वाटते. बंगळुरूच्या 'आय.एम.ए.' या पेढीने हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो कुटुंबांकडून पैसे घेतले. जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख देशाबाहेर निघून गेला आणि लोक कार्यालयासमोर रांगा लावून रडत उभे राहिले. त्यांत हजच्या यात्रेसाठी आणि मुलींच्या लग्नासाठी साठवलेले पैसे होते. त्या लोकांनी कोणते माहितीपत्रक वाचले होते? त्या पेढीचे तिमाही निकाल कोठे छापून येत होते? दरमहा ठरलेला मोठा नफा आणि ओळखीच्या माणसाचा शब्द, एवढ्यावर विश्वास ठेवला गेला. माणूस आपल्या समाजाचा आहे, पाचवक्ता नमाजी आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण तो ताळेबंद नव्हे. जो पैसे मागतो त्याला वही दाखवावयास सांगणे हा अविश्वास नाही, तो आपला हक्क आहे. आणि जो वही दाखवण्यास नकार देतो, त्याला पैसे देऊ नयेत.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

मुलांनो, आणि विशेषतः मुलींनो, आपल्या घरांत डॉक्टर व इंजिनियर याशिवाय तिसरा शब्द क्वचित ऐकू येतो. मी आज ज्या ज्या माणसांचा उल्लेख केला, त्यांचा विचार करा : हिशेब तपासनीस, कंपनी सचिव, परिव्यय लेखापाल, मर्चंट बँकेतील तपासनीस, कंपनी कायद्याचा वकील. बारावीनंतर चार्टर्ड अकाउंटन्सीची पहिली परीक्षा देता येते, कंपनी सचिवाचीही प्रवेश परीक्षा देता येते. या अभ्यासक्रमांना वैद्यकीय महाविद्यालयासारखी लाखो रुपयांची फी लागत नाही. चिकाटी मात्र पुष्कळ लागते, कारण नापास होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था या क्षेत्रातील अनेक लहान परीक्षा घेते. तिचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलो म्हणून आपल्याला हे जमणार नाही, असे कृपा करून समजू नका. ताळेबंदाची भाषा आकड्यांची असते.

पालकांना माझी विनंती अशी की, मुलगा दुकानावर बसू लागला की त्याला गल्ल्याबरोबर वहीही दाखवा. मुलगी वाणिज्य शाखेत असेल तर घरच्या धंद्याचा ताळेबंद तिच्याकडून मांडून घ्या. वर्षातून एक दिवस ठरवून घरातील सर्वांना, आईला आणि बहिणींनासुद्धा, एकत्र बसवा व देणे किती, येणे किती, कोणाचा हिस्सा किती, हे वाचून दाखवा. शेअर बाजारातील कंपनी आपल्या भागधारकांना दरवर्षी सभा भरवून हेच सांगते. एवढे केल्याने आपली पेढी बाजारात गेली नाही तरी तिचे काही बिघडणार नाही. बँकेचे कर्ज मिळणे सोपे होईल, कराची नोटीस आली तर झोप उडणार नाही आणि आपल्या पश्चात मुलांना एकमेकांविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.

 ज्यांना आपल्या पेढीच्या कागदपत्रांविषयी काही विचारावयाचे असेल, त्यांच्यासाठी मी कार्यक्रमानंतर येथेच थांबणार आहे. येताना प्रश्नाबरोबर शक्य तर वहीही आणावी.

खुदा हाफिज. जयहिंद, जय महाराष्ट्र.